प्रकरण चौदावे : थिजलेली पेन्शन

घर विकलं गेल्याची पाटी शुक्रवारी लागली, आणि रविवारी गेनॉरने सगळ्यांना जेवायला बोलावलं. खरं तर बोलावण्यासारखं काही नव्हतंच. एनिड आणि विल्फ लेकीच्याच परसात, मागच्या बाजूला बांधलेल्या छोट्या घरात राहत होते. मधे कपडे वाळत घालायची जागा आणि एक लिंबाचं झाड, एवढंच अंतर. एरवी गेनॉर स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच हाक मारी. या वेळी तिने दार वाजवलं, आत आली आणि खुर्ची पुढे केली तरी न बसता म्हणाली, "रविवारी चारला या. कीथलाही फोनवर घेऊ. एकदाचं बोलून टाकू या, आई."

ती गेल्यावर विल्फ म्हणाला, "दार वाजवून आली. आपण भाडेकरू झालो म्हणायचं."

"उगाच वाकड्यात शिरू नकोस," एनिड म्हणाली. पण ते वाजलेलं दार तिलाही खटकलं होतं.

त्या छोट्या घराच्या विटा त्यांच्याच पैशाच्या होत्या. इंग्लंडमधल्या संडरलंडचं राहतं घर विकून हाती आलेलं सगळं त्यांनी इथे ऑस्ट्रेलियात, पर्थच्या दक्षिणेला, लेकीच्या जमिनीवर घातलं होतं. कागदोपत्री मालक गेनॉर आणि ग्लेन. खाणींची भरभराट होती तोवर याचं कोणाला काही वाटलं नाही. जावई उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर राक्षसी ट्रक चालवी, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी, आणि बँकेचे हप्ते निमूटपणे जात. मग लोखंडाचा भाव कोसळला. ग्लेनला घरी बसवलं. आता तो एका गोदामात रात्रपाळी करत होता, तीही बोलावतील तेव्हा. कर्ज घराच्या किमतीहून मोठं झालं आणि बँकेने विकायला लावलं. त्यात परसातल्या घराचे वेगळे पैसे कुठून येणार? गेनॉर, ग्लेन आणि त्यांची मुलगी टॅम्सिन यांना भाड्याने मिळालं ते घर निजायच्या दोन खोल्यांचं. म्हाताऱ्यांचं काय करायचं, हे बोलून टाकायचं होतं.

म्हाताऱ्यांना पेन्शन होती, पण ती थिजलेली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची पेन्शन दर वर्षी थोडी वाढते. स्पेनला किंवा अमेरिकेला जाऊन राहिलेल्याचीही वाढते. ऑस्ट्रेलियात आलेल्याची मात्र देश सोडताना जिथे होती तिथेच थांबते, आणि माणूस मरेपर्यंत तिथेच राहते. इथल्या सरकारची म्हातारपणाची पेन्शन मिळायला इथे दहा वर्षं काढावी लागतात. त्यांची नऊ होत आली होती. तोवर हे दोघं सरकारपुढे हात पसरणार नाहीत, असं ग्लेनने त्यांना आणताना लिहून दिलं होतं आणि त्यापोटी रक्कमही अडकवून ठेवली होती. म्हणून विल्फ पंच्याहत्तराव्या वर्षी बाजारसंकुलाच्या आवारात गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या ढकलगाड्या गोळा करी. जहाजाच्या कारखान्यात आयुष्यभर पोलादी पत्रे बसवलेला माणूस. जानेवारीत, डांबर वितळेल अशा उन्हात, गाड्यांची रांग ढकलताना तो पडला आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

आणि गुरुवारी एनिड बसने मँडुराला जाऊन आली होती. ते तिने अजून कोणालाही सांगितलं नव्हतं. तिथे ऑल्ड्रिजबाई म्हणून एक विधवा, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू. तिच्या मुलाला घरी राहून आईची औषधं वेळेवर देणारं कोणीतरी हवं होतं. एनिडने वीस वर्षं औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या बांधून दिल्या होत्या. दोन बाटल्या उचलून पाहिल्या आणि ती म्हणाली, "या दोन्ही एकाच वेळी देत असाल तर त्यांना चक्कर येत असेल." मुलाने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचून पाहिल्या. मग त्याने तिला खोली दाखवली. एकच पलंग, खिडकीखाली कालव्याचं पाणी.

"तुमचे मिस्टर?" त्याने विचारलं होतं.

"ते ब्रिटनला परत जातायत," एनिड म्हणाली होती, आणि हे वाक्य आपल्या तोंडून इतकं सहज कसं निघालं, याचं तिला परतीच्या बसमध्ये नवल वाटत राहिलं होतं.

रविवारी उन्हाचा ताव उतरला नव्हता. समुद्रावरचा वारा त्या दिवशी आलाच नाही. तरीही गेनॉरने भट्टी पेटवून कोकराची मांडी भाजली होती, रश्श्याबरोबर खायचं यॉर्कशायर पुडिंग फुलवलं होतं, वर वाटाण्याचा घट्ट गोळाही शिजवला होता, संडरलंडला विल्फची आई करायची तसा. स्वयंपाकघरात पाय ठेवताच कपडे अंगाला चिकटत होते. एवढं सगळं वडिलांच्या आवडीचं लेक कधी करत नसे.

"कोकरू कोरडं झालंय," विल्फ म्हणाला.

"बाबा, अजून तोंडातही घातलं नाहीत तुम्ही."

"दिसतंय ना डोळ्यांना."

फोन सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. त्यात ब्रिटनमध्ये राहणारा त्यांचा मुलगा कीथ दिसत होता, स्वेटरवर दुसरा स्वेटर, हातात चहाचा पेला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. "मला तर आढंच दिसतंय," तो म्हणाला. ग्लेनने बाटली सरकवली. "हां, आता बाबा दिसले. काय बाबा, हात कसा आहे?"

"गळ्यात बांधलाय. शोभेला."

एनिड विल्फच्या ताटातलं मांस बारीक कापून देत होती. ग्लेनने स्वतःच्या ताटातल्या बटाट्याचे चार तुकडे केले, मग त्या चारांचे आठ केले, आणि काटा खाली ठेवला.

"विल्फ, मी जरा स्पष्टच बोलतो."

"तू गोलगोल बोललेलं मी ऐकलेलं नाही. बोल."

"महिन्याअखेर चाव्या द्यायच्या आहेत. आम्ही घेतलंय ते घर लहान आहे. तुमच्या पेन्शनीत इथे वेगळं घर भाड्याने मिळत नाही, मी शोधलं. गेनॉरनेही शोधलं. मोटारीच्या मागे जोडायची खोलीसुद्धा पाहिली."

"बैठकीच्या खोलीत उघडायचा सोफा टाकू," गेनॉर मधेच म्हणाली. "चौदा महिनेच काढायचेत. मग इथली पेन्शन सुरू होईल दोघांची. चौदा महिने काय, असे निघून जातील."

ग्लेनने कोकराचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला.

"तुझ्या नवऱ्याकडे बघ," विल्फ म्हणाला. "कोकरू खातोय की खिळे चावतोय?"

"मी नाही म्हटलंय का?" ग्लेन म्हणाला.

"हो तरी कुठे म्हटलंस?"

"मला रात्रपाळी असते, विल्फ. दिवसा झोपायचं असतं. टॅम्सिनचं परीक्षेचं वर्ष आहे. त्या खोलीत म्हातारा माणूस दिवसभर क्रिकेट लावून…"

"म्हातारा म्हणाला."

"तसं नाही हो—"

"अरे, तरुण म्हणाला असतास तर राग आला असता मला."

कीथ फोनमधून खाकरला. "बाबा, ऐका माझं. मी इथे चौकशी केली. तुम्ही कायमचे परत आलात की पेन्शन आजच्या दराने चालू होते. मधली सगळी वाढ धरून. इथे पाय ठेवला की झालं."

"विमानतळावरच हातात ठेवतात का?"

"बाबा, चेष्टा नको. आमची मागची खोली रिकामी करतोय. डेनिसचं शिवणयंत्र माळ्यावर चढवू."

"डेनिसला विचारलंस?" एनिडने विचारलं.

"विचारलं की." कीथने चहाचा घोट घेतला. "म्हणजे, सांगितलं."

"मग तिने काय सांगितलं?"

"ती म्हणाली, तुझे आईवडील आहेत, तू बघ."

एनिडने मान हलवली. सुनेचं बोलणं तिला पटलं. कोणीही हेच म्हटलं असतं.

गेनॉर म्हणाली, "कीथ, तुझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर बाथरूम आहे. बाबांचं कंबरेचं दुखणं विसरलास का? आणि हिवाळा? हिवाळ्यात तुमच्या त्या खोलीत भिंतीला ओल येते."

"मग तूच ठेव ना तुझ्याकडे," कीथ म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी घर बांधून घेतलंस त्यांच्या पैशातून—"

"काय म्हणालास?"

"खोटं बोललो का?"

"फोन ठेवू का मी तुझा?"

"अरे, थांबा की दोघंही," ग्लेन म्हणाला. त्याने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. तो वाईट माणूस नव्हता. एनिडने हे पुष्कळदा स्वतःला बजावलं होतं, आणि आताही बजावलं. "भांडून काय होणार आहे? मुद्दा चौदा महिन्यांचा आहे. दोन वर्षं आधी आले असते ना हे, तर आज—"

तो थांबला, पण उशिरा.

त्या दोन वर्षांविषयी या घरात कोणी बोलत नसे. चौसष्टाव्या वर्षी विल्फ लेकीकडे जायच्या तयारीत होता, अर्ज भरून ठेवला होता. तेवढ्यात कामगारांच्या क्लबात रॉनी डकेट त्याला म्हणाला, वेडा आहेस का, पेन्शन काढायला सुरुवात इथे कर, एकदा वाढ पदरात पाडून घे आणि मग जा. इथे सुरू झालेली पेन्शन इथलीच राहते, तिला कोणी हात लावू शकत नाही. विल्फने अर्ज कपाटात ठेवून दिला. पेन्शन सुरू होईपर्यंत थांबला, मग पहिली वाढ मिळेपर्यंत थांबला. पेन्शन कुठे सुरू झाली याला काडीची किंमत नसते, माणूस कुठे राहतो एवढंच बघतात, हे त्याला पर्थला आल्यावर दुसऱ्या वर्षी कळलं. त्याने ते एनिडला सांगितलं नाही. वाढ आली नाही, तेव्हा तिला आपोआप समजलं.

"बोल ना, ग्लेन," गेनॉर म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत झाला होता. "थांबलास का? नऊ वर्षं आपण सगळेच ते गिळून जेवतोय."

"रॉनी म्हणाला होता—" विल्फने सुरुवात केली.

"रॉनीने संडरलंडच्या बाहेर कधी पाऊल टाकलं होतं का, बाबा? सरळ पेन्शनच्या कचेरीत विचारायचं होतं."

"कचेरीवाले खरं सांगतात होय? कारखाना बंद होणार नाही, हेही कचेरीवाल्यांनीच सांगितलं होतं. आम्ही जहाज अर्धं जोडलेलं सोडून घरी आलो. रॉनी माझ्या शेजारी उभा राहून तीस वर्षं पत्रे ठोकत होता. त्याच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?"

"मला तुमच्या पेन्शनीशी काही देणंघेणं नाही," गेनॉर म्हणाली. "तेव्हाही नव्हतं. मी आईला फोन केला होता. सातवा महिना होता, डॉक्टरांनी मला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, आई, ये. आणि तुम्ही मागून म्हणालात, पुढच्या वर्षी कायमचंच जायचंय, आता मधेच तिकिटाचा खर्च कशाला. मी ऐकलं ते. फोनवर सगळं ऐकू येतं, बाबा."

"गेनॉर," ग्लेन म्हणाला.

"तू खाणीवर होतास. मी तुला बोल लावत नाही. ब्रायोनी सकाळी झाली आणि संध्याकाळी गेली. नर्सने विचारलं, घरचं कोणी येणार आहे का? मी म्हटलं, हो, आईबाबा येतायत." ती जराशी हसली, आणि ते हसू बघवेना. "म्हटलं, पुढच्या वर्षी येतायत."

पंख्याखाली कागदी हातरुमालाचं टोक तेवढं उडत होतं. फोनमधून कीथ म्हणाला, "हॅलो? चित्र अडकलं का? ऐकू येतंय का तुम्हाला?"

"येतंय," ग्लेन म्हणाला.

एनिड दर महिन्याला लेकीबरोबर दफनभूमीत जाई. लहान मुलांच्या ओळीतल्या त्या दगडावरची वाळू झाडायची, फुलांचं पाणी बदलायचं आणि परत यायचं. तिथे त्या दोघी हवापाण्याविषयी बोलत. नातीचा चेहरा एनिडने फक्त एका फोटोत पाहिला होता, डोळे मिटलेला. त्या दिवशी फोनवर आपण लेकीला काय उत्तर दिलं होतं, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. ती म्हणाली होती, "बघते हं, बाबांशी बोलून."

विल्फने डाव्या हाताने काटा उचलला, पुन्हा ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही.

"चोरी तर नव्हती केली," तो म्हणाला. "पंधराव्या वर्षापासून कापून घेतलेले माझेच पैसे होते. ते बुडू नयेत म्हणून थांबलो. तुम्हा पोरांवर भार नको म्हणून." तो सगळ्यांकडे एकेक करून बघू लागला, आणि गेनॉरपाशी येताच त्याने नजर खाली वळवली. "झालं ते झालं. कीथ, ऐकतोयस ना? आम्ही येतो. दोघांची तिकिटं बघ. ग्लेनला झोप मिळेल, पोरीचा अभ्यास होईल, डेनिसचं यंत्र माळ्यावर जाईल. सगळ्यांचं भलं होईल."

"बाबा, मी तसं म्हटलं नाही," गेनॉर म्हणाली.

"तू बरोबरच म्हणालीस."

"माझं नको, कीथ," एनिड म्हणाली. "माझं तिकीट नको काढूस."

तिचा आवाज इतका बारीक होता की कीथला तो ऐकूच गेला नाही. पण टेबलाभोवतीचे तिघेही तिच्याकडे वळले.

तिने सांगितलं ते सगळं एका दमात सांगितलं. मँडुरा, ऑल्ड्रिजबाई, औषधं, एक खोली, जेवणखाण, वर थोडा पगार. पुढच्या सोमवारपासून. चौदा महिने तिथे काढायचे, मग तिची इथली पेन्शन सुरू होईल, मग ती स्वतःच्या पायावर कुठेतरी एक खोली घेईल. गेनॉरच्या घरापासून एका बसच्या अंतरावर. दुकानात गिऱ्हाइकाला गोळी कशी घ्यायची ते सांगावं, तशी ती बोलत होती.

"बहात्तर वर्षांची आहेस, आई," गेनॉर म्हणाली. "या वयात दुसऱ्याच्या म्हातारीचं करणार?"

"मी म्हातारी नाही का? एक म्हातारी दुसरीचं करेल."

"माझ्यासाठी करत असशील तर नको करूस. मी रागाच्या भरात बोलले."

"तू आज बोललीस. मी गुरुवारी जाऊन आले." एनिडने लेकीच्या हातावर हात ठेवला. "एकदा नाही आले मी तुझ्याकडे. आता तुला सोडून जायचं नाही, एवढंच मला कळतं. बाकीचं जमेल तसं जमेल."

गेनॉरने दुसऱ्या हाताने तोंड झाकून घेतलं. ग्लेन उठला, नळाखाली पेला धरून उभा राहिला आणि पेला भरून वाहायला लागला तरी त्याने नळ बंद केला नाही.

"तिथे दोघांना नाही ठेवणार?" शेवटी त्याने विचारलं.

"एकच पलंग आहे."

"आणि विल्फ परत… म्हणजे तुमची पेन्शन सुरू झाल्यावर?"

"त्यांचा इथे परत येण्याचा परवाना संपत आलाय, ग्लेन. तूच काढून दिला होतास. गेल्यावर पुन्हा मिळेलच असं नाही, हे तुला ठाऊक आहे."

एनिडने एवढा वेळ विल्फकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. पन्नासहून जास्त वर्षं तिने त्याचा चेहरा वाचला होता. आज तिला तो वाचता येईना.

"गुरुवारी तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस," तो म्हणाला.

"नव्हते गेले."

"मी रात्री तुला सूप करून दिलं. चावायला त्रास होईल म्हणून. एका हाताने केलं."

"हो."

"प्यायलीस ते."

"हो, विल्फ. प्याले."

त्याने मान डोलावली. एखादं माप घेऊन तपासून बघावं आणि बरोबर निघावं, तशी.

"मला आधी सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, थांब, बघू. आणि मी थांबले असते."

बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला आणि थांबला. ताटांतल्या रश्श्यावर साय धरली होती.

"हे बघा, मला नीट ऐकू आलं नाही," कीथ फोनमधून म्हणाला. "आई काय म्हणाली? मी दोन तिकिटं बघू की एक?"

एनिड आपल्या ताटाकडे बघत राहिली. तिने सगळं ठरवलं होतं, आणि तरी ती वाट बघत होती. तो ओरडला असता, 'सोफ्यावर झोपेन, फरशीवर झोपेन, पण जाणार नाही' असं म्हणाला असता, किंवा नुसतं 'चल माझ्याबरोबर' एवढंच म्हणाला असता, तर आपण सोमवारी मँडुराला गेलो असतो की नाही, याची तिला खात्री नव्हती. त्याच्या एका शब्दाने सगळं फिरलं असतं. हे त्यालाही ठाऊक आहे, असं तिला वाटलं.

विल्फने गेनॉरकडे पाहिलं. या वेळी त्याने नजर खाली वळवली नाही. मग तो फोनकडे वाकला. फोनवर बोलताना मोठ्याने बोलावं लागतं, असं त्याला अजूनही वाटे.

"एक," तो म्हणाला. "आणि उजेडी पोचणारं बघ, कीथ. तुमच्याकडे अंधार लवकर पडतो. मला घर सापडायचं नाही."